दहा बंडलं जास्त

माझं काम तसं सरळ आहे. ठिबकच्या साइटी बघायच्या, शेतकऱ्याला विचारून मोबाइलात टिपून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन त्या टिपणावरून लॅपटॉपवर मटेरियलची यादी काढायची. गट नंबर, क्षेत्र, बोअरला मोटर किती एचपीची, सरी किती फुटी, बस. एक टिपण म्हणजे दोन केबी पण भरत नाही. ही दोन केबी मोबाइलातून लॅपटॉपात न्यायला मला सव्वा वर्ष लागलं म्हणलं तर लोक हसतात. पण तुम्हीच सांगा, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वॅगनमधून ५ लाख लिटर, तीनशेच्या वर किलोमीटर, आलं ना? आलं. आणि माझी फाइल खिशातून टेबलावर, अंतर तीन फूट, ती काही येईना.

क्लाउडवर टाका की, असं सगळेच म्हणतात. एक तर शेतकऱ्यांचे गट नंबर, आधार, असलं काही बाहेर ठेवायचं नाही असं कंपनीनं बजावलेलं. दुसरं म्हणजे ती फुकटची १५ जीबी जागा मेव्हण्याच्या लग्नानं कधीच खाल्ली, नुसती हळदच ४ जीबीची आहे, आणि ती डिलीट केली तर मलाच क्लाउडवर जाऊन राहावं लागेल.

मग केबल आणली. बसस्टँडच्या बाहेरून, साठ रुपयाची. लावली की मोबाइल म्हणायचा 'चार्जिंग' आणि गप. लॅपटॉपला तर कोणी आल्याचा पत्ताच नाही. मी दोन रविवार ड्रायव्हर काढले, ड्रायव्हर टाकले, लॅपटॉपला नाही नाही ते बोललो, आणि शेवटी कळलं की त्या केबलीत फक्त करंटच्या तारा असतात, डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. साठ रुपयात किती तारा मागणार म्हणा.

पेनड्राइव्हचं तर विचारूच नका. एकदा, फक्त एकदा, झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावला, घरी येऊन बघतो तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. माणसं गाव सोडून गेलेली आणि दारावर नुसत्या पाट्या, तसं.

शेवटी भाचा आला सुट्टीला. नांदेडला इंजिनिअरिंगला असतो, त्यामुळं घरातला मिक्सर पण त्यालाच दाखवतात. म्हणाला, "मामा, कामून डोकं फोडून घ्यायलाव? सिंकथिंग टाका." हे म्हणे दोन्हीकडचं फोल्डर आपोआप सारखं ठेवतं, फुकट आहे, मधे कोणाचं गोदाम नाही, तुमचा मोबाइल आणि तुमचा लॅपटॉप सरळ एकमेकांशी बोलतात. ऐकायला झकास. मोबाइलवरचं मूळ ॲप २०२४ च्या डिसेंबरात बंद झालेलं, मग दुसऱ्यांनी चालू ठेवलेलं तसलंच एक त्यानं शोधून टाकून दिलं, आणि बाकीचं तुम्ही करा म्हणून मित्राकडं गेला.

बाकीचं म्हणजे डिव्हाइस आयडी, एका मशिनीनं दुसऱ्याला ओळखायचा नंबर. ५६ अक्षरं आकडे, सात-सातचे आठ तुकडे. बायको लॅपटॉपवरून वाचतेय आणि मी मोबाइलात टाइप करतोय, "अहो बी", "बी का डी?", "बी हो, बटाट्यातला बी", "बटाट्यातला कुठला?" असं करत पाऊण तास, तरी चुकीचा आहे म्हणून घेईना. रात्री भाचा आला आणि म्हणाला, "मामा, क्यूआर कोड होता की, स्कॅन करायचा." बायको काही बोलली नाही, नुसती भाजी ढवळत राहिली. जोरात.

बरं, एकानं आयडी टाकून पण भागत नाही, दुसरीकडून पण होकार लागतो. तोही झाला. पण खरी गोम पुढंच. दोघं एका वेळेला जागे पाहिजेत! मोबाइलचं बॅटरी सेव्हर असं कडक की स्क्रीन बंद झाली की पाच मिनिटात सिंकथिंगला झोपवून टाकतं. लॅपटॉप उघडावा तर मोबाइल झोपलेला, मोबाइल उठवावा तर लॅपटॉप झोपलेला, दोघं जागे असावेत तर लाईट गेली म्हणजे वायफाय गेलं. ऑफिसात लाईट असते, पण तिथं आम्हाला दिलंय पाहुण्यांचं वायफाय, आणि त्यात एका मशिनीला दुसरं मशीन दिसू नये अशीच सोय केलेली असते. एकाच पंगतीत बसून दोघं एकमेकाला ओळख देईनात.

आणि अशातच रेणापूरकडचे एक काका. ऊस लावायचा, क्षेत्र म्हणाले सहा एकर. मोबाइलात लिहिलं सहा. रात्री त्यांचा फोन आला, "साहेब, सध्या चारच धरा." मी लॅपटॉपवर होतो, तिथं चार केलं. मोबाइल तेव्हा अर्थातच झोपेत. सकाळी गाडीवर बसता बसता त्यात '५ एचपी' एवढंच टाकलं, त्याच जुन्या सहा एकराच्या टिपणात. संध्याकाळी दोघांची गाठ पडली. आता सिंकथिंग काय करतं, तर कोण खरं, कोण खोटं, यात पडतच नाही. शेवटचा हात कोणाला लागला ते बघतं. ज्याची वेळ जुनी त्या फाइलीच्या नावापुढं 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख, वेळ आणि मशिनीची सात अक्षरं एवढं मोठं शेपूट लावून बाजूला ठेवून देतं. फेकून देत नाही, प्रामाणिक आहे बिचारं. फक्त ते शेपूटवालं पण दोन्हीकडं पोचवतं, आणि माझ्याकडं असली शेपटं तोवर चाळीसेक झालेली, त्यामुळं त्यांच्याकडं बघणं मी सोडलेलंच होतं.

चार एकर रात्रीचं, म्हणून ते शेपटात गेलं, आणि मी मटेरियल काढलं सहा एकराचं. पाच फुटी सरीला एकरी धरा २,६५० मीटर नळी, बंडल ५०० मीटरचं. चार एकराला २२ बंडलं लागली असती, गेली ३२.

आठ दिवसांनी काकांचा फोन. "साहेब, नळी लई उतरवली की ओ."

"किती जास्त?"

"धा बंडलं. ते दोन एकर भावकीत हाय, रातीच सांगितलं न्हवं का तुम्हाला. कोर्टात चालू हाय केस. का तुमच्या मोबाइलात निकाल लागला?"

मी म्हणलं, काका, चूक माझीच, टेम्पो पाठवून परत उचलतो. तिकडून बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली.

"राहू द्या," काका म्हणाले. "पण एक सांगा साहेब, ह्या नळीची गॅरंटी किती वर्षाची हाय?"