धक्का एक नव्हता

इंग्लंडचे माजी रग्बीपटू स्टीव्ह थॉम्पसन यांच्यावरील लेख मनापासून आवडला. मात्र ‘एखाद्या जबर धडकेने त्यांची स्मृती हिरावली’ हे त्यातील विधान पटले नाही. थॉम्पसन हूकर होते, म्हणजे स्क्रममध्ये (चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या रचनेत) पुढच्या फळीच्या मधोमध मान वाकवून उभे राहणारे. आठजणांच्या रेट्याला आठजण भिडतात तेव्हा बसणारे धक्के सरावातही चुकत नाहीत आणि त्यांच्या काळी त्यांची नोंद कोणी ठेवत नसे. २००३ मध्ये सिडनीत जिंकलेला विश्वचषक आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी २०२० मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, सांगितले. अशा स्मृतिभ्रंशामागे तज्ज्ञ वर्षानुवर्षांच्या लहानमोठ्या आघातांची साखळीच पाहतात.

मी नागपुरात, महालातल्या चिटणीस पार्कवर, बरीच वर्षे कबड्डी खेळलो. एकदा पकड करताना माझ्याच कोपरारक्षकाचा गुडघा कानशिलावर बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. प्रशिक्षकांनी तोंडावर पाण्याचा हबका मारला, नाव विचारले आणि ते बरोबर सांगता आले एवढ्यावर मला पुढच्याच चढाईला पाठवले. त्यानंतर दोन दिवस वर्तमानपत्रातली अक्षरे डोळ्यांपुढे हलत होती. घरी मात्र मी चकार शब्द काढला नाही (त्याचा अभिमानच वाटे, हे आज लिहिताना संकोच वाटतो). थॉम्पसन यांच्या सरावातले धक्के मोजण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न लेखकाने विचारायलाच हवा होता.