अर्धा पगार घरबसल्या मिळत होता?

“लॉकडाऊनमध्ये नोकरी गेलेल्या प्रत्येकाला सरकार तीन महिने अर्धा पगार देत होतं. मोबाइलवर अर्ज टाकला की झालं. ज्यांनी घेतला नाही ते आळशी.” हा मेसेज पुन्हा फिरतोय. योजना खरी आहे: ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. पण मी त्या काळात भोसरीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून दिलेत, म्हणून बाकीचं मला झोंबतं.

‘प्रत्येकाला’ नाही. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांनाच, म्हणजे साधारण महिना २१ हजारांपर्यंतच्या पगारवाल्यांना. धुणीभांडी करणाऱ्या बायका, नाक्यावरचे मजूर, रिक्षावाले यात नव्हतेच. ज्यांचा कापला जात होता त्यांनाही दोन वर्षांचा विमा लागे, नोकरी सुटण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागे आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत पुन्हा ७८ दिवसांची. कंत्राटदार बदलला की नवा आयपी नंबर (विमा क्रमांक) काढलेले कितीतरी जण मी पाहिले. त्यांनी दोन वर्षं कुठून दाखवायची?

‘सरकार देत होतं’ हेही खरं नाही. हा विम्याचा पैसा. पगाराच्या पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक.

‘अर्धा पगार’ म्हणाल तर मूळ दर २५ टक्के होता. तो ५० करायचा निर्णय झाला २० ऑगस्ट २०२० ला, २४ मार्चपासून लागू धरून. तोवर किराणा उधारीवर आणि भाडं थकलेलं. शिवाय रोजच्या कमाईची सरासरी काढायची ती चार सहामाह्यांची कमाई भागिले ७३०. दोन वर्षं एकही खाडा न करता महिना १२ हजार कमावणाऱ्याला ९० दिवसांचे मिळून १७,७५० च्या आसपास, तेही आयुष्यात एकदाच. मधे काम बंद राहिलं असेल तर आणखी कमी.

आणि ‘मोबाइलवर अर्ज’? आधी अर्ज जुन्या मालकामार्फत करावा लागे, तोही नोकरी जाऊन ९० दिवस झाल्यावर. ऑगस्टमध्ये ही मुदत ३० दिवसांवर आली आणि थेट शाखा कार्यालयात जायची सोय झाली. तरी फॉर्मची प्रिंट, २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स हे सगळं लागायचंच. प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबरात सुटली.

माझ्या शेजाऱ्याचं आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, ईएसआयच्या नोंदीत नुसतं नाव-आडनाव. दुरुस्तीच्या कागदावर कंपनीचा शिक्का पाहिजे होता आणि वॉचमन गेटच्या आत सोडेना. झेरॉक्सची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हा माणूस चार वेळा चालत गेला, कारण पीएमटीची बस बंद होती तेव्हा आणि नंतर तिकिटालाही पैसे नव्हते. त्याला आळशी म्हणू नका. शिक्का डिसेंबरात मिळाला. तोवर खोली सोडून तो गावी गेला होता. राहिलेला अर्ज आम्ही फोनवर बोलत बोलत पुरा केला.