जंजिऱ्याचा बावीसचा पाढा

गेल्या महिन्यात मेहुण्याच्या कुटुंबाला घेऊन जंजिऱ्याला जाऊन आलो. माझी चूक एवढीच झाली, की निघण्याआधी चार पुस्तकं वाचली. तुमचं असं होऊ नये म्हणून अनुभवाचे बोल लिहून ठेवतोय. राजपुरीच्या धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभ्या उभ्या वाचून होतील.

सर्वात आधी बावीसचा पाढा घोकून घ्या. किल्ला बावीस एकरांचा, बुरूज बावीस, बांधायला लागली बावीस वर्षं, मोठी तोफ बावीस टनांची. होडीतून उतरायच्या आत हे पाठ झालं, की इतिहास झाला. आत जाऊन बुरूज मोजत बसू नका. मी मोजले, एकोणीस भरले. वाटाड्याला सांगितलं तर म्हणाला, "तीन आतले धरायचे, साहेब."

समुद्राखालून राजपुरीपर्यंत भुयार आहे, असं सांगतील. मान डोलवा. भुयार होतं तर सिद्दी जन्मभर गलबतं कशाला पोसत बसला, हे विचारू नका.

किल्ला कोणाचा, असं मुलांनी विचारलं तर "मुघलांचा" म्हणून मोकळं व्हा. आमच्या होडीतल्या एका काकांनी हेच सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. खरं सांगायला गेलात तर फार लांबण लागते. इथे मुळात कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा म्होरक्या. निजामशाहीच्या पिरमखानाने दारूच्या पिंपांची भेट पाठवून कोळ्यांना झिंगवलं आणि बेट घेतलं, अशी कथा आहे. दगडी कोट सोळाव्या शतकातला. आणि सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेले. आधी निजामशाहीचे चाकर, मग आदिलशाहीचे, मग मुघलांचे, आणि तरी शेवटपर्यंत स्वतःचेच मालक. जंजिरा संस्थान विलीन झालं ते १९४८ साली. एवढं सगळं सांगेपर्यंत होडीवाला शिट्टी मारतो. पाऊण तासच मिळतो.

दरवाजातल्या शिल्पात एक जनावर पंजात आणि शेपटीत हत्ती पकडून उभं आहे. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढावा.

कलालबांगडी तोफेपाशी आलात की पोराला वर बसवा, चपलांसकट. पोर रडलं तर हातात कुरकुऱ्यांची पुडी द्या. मोकळी बाटली कुठे टाकायची हा प्रश्न पडेल, तर तोफेचं तोंड बाटलीच्या मापाचंच घडवलंय जणू. मी गेलो तेव्हा दोन बाटल्या आत होत्या, तिसरी माझ्यादेखत गेली. तोफ पंचधातूची आहे, उन्हात तापत नाही, असंही सांगतात. मी हात लावला. पोळला.

आता महत्त्वाचा सल्ला. शिवाजी महाराजांना जंजिरा का घेता आला नाही, हा विषय निघाला तर ताबडतोब चिडा. घरी पोचेपर्यंत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मेहुण्याने संदेश टाकला होता. महाराजांनी जंजिरा जिंकलाच होता, इतिहासकारांनी लपवून ठेवलं, वीस जणांना पाठवा. मी लिहिलं, असं झालं नाही. त्यावर उत्तर आलं, "दाजी, तुम्ही सिद्दीच्या बाजूचे का मग?" खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

बरं, मी सिद्दीच्या बाजूचा. तर ऐका सिद्दीच्या बाजूने.

जंजिऱ्याचा तेव्हाचा मुख्य फत्तेखान सिद्दी बेट महाराजांच्या हवाली करायला राजी झाला होता. म्हणजे एकही तोफ न डागता जंजिरा पदरात पडत होता. पण संबूल, कासिम आणि खैर्यत या त्याच्याच तिघा सिद्दी सरदारांनी त्यालाच कैद केलं आणि औरंगजेबाचं छत्र पत्करलं. त्या दिवसापासून लढाई एका बेटाशी राहिली नाही, पाठीशी दिल्लीचा खजिना उभा राहिला. लगेच १६७१ च्या होळीला रात्री मराठे सणात असताना कासिम समुद्रातून आणि खैर्यत जमिनीवरून किनाऱ्यावरच्या दंडा राजपुरीवर चालून आले, मराठ्यांचं ठाणं गेलं. पावसाळ्यात सिद्दीचं आरमार कुठे सुखरूप राहायचं? मुंबईत, माझगावच्या बंदरात. इंग्रज कुरकुर करायचे, पण जागा द्यायचे. १६७९ मध्ये मराठ्यांनी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर कोट बांधायला घेतला, तेव्हा तर इंग्रज आणि सिद्दी दोघेही अंगावर आले. कोट तरी उभा राहिला, पण सिद्दीने लगोलग शेजारची उंदेरी बळकावली. एक खडक तुमचा, दुसरा त्याचा, मधे एवढंसं पाणी.

संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून थेट बेटापर्यंत वाट बांधायला काढली. त्याआधी कोंडाजी फर्जंद फितूर झाल्याचं सोंग करून आत शिरला होता. दारूचं कोठार उडवायचं होतं. बेत फुटला, तो मारला गेला. वाट बांधणं चालू असताना मुघल सरदार हसन अली खान कल्याणच्या बाजूने उतरला, आणि महाराजांना वेढ्यावरून परतावं लागलं. हे सगळं लपवलेलं नाही हो. छापलेलं आहे. वाचनालयात आहे, फुकट आहे. पण तुम्हाला "जिंकला" नाहीतर "अजिंक्य" या दोनच शब्दांत काम उरकायचंय. मधली कित्येक वर्षं, मेलेली माणसं, बुडालेली गलबतं, सगळं ओलांडून सरळ घोषणेपाशी यायचंय.

आणि होय, तुम्ही घोषणा दिलीत. मी तिथेच होतो. पश्चिमेच्या बुरुजावर उभे राहून बारा जणांनी गर्जना केली, मोबाइलवर टिपली, पुन्हा एकदा केली कारण पहिल्यांदा वारा आला होता. समोर वायव्येला पाण्यात एक किल्ला दिसत होता. तुमच्यातल्याच एकाने विचारलं, "तो कुठला रे?" दुसरा म्हणाला, "असेल काहीतरी, छोटाय."

पद्मदुर्ग आहे तो. कासाही म्हणतात. ज्यांच्या नावाने ओरडत होतात, त्यांनी बांधलेला. जंजिऱ्याच्या तोफा सुटत असताना बांधलेला. "राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी" हे त्यांचेच शब्द. १६७५ च्या जानेवारीतलं पत्र आहे, जिवाजी विनायक नावाच्या सुभेदाराला. पद्मदुर्गाच्या कामाला नेमून दिलेली रसद आणि पैसा त्याने पोचवला नव्हता. महाराज त्याला विचारतात, हबशाने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले काय? ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, हेही बजावतात. तलवारीची भाषा कमी आणि धान्याचा हिशेब जास्त, असं ते पत्र आहे. बेट घ्यायचं तर आधी गोण्या वेळेवर पोचाव्या लागतात, हे त्या माणसाला ठाऊक होतं. तुम्हाला होडीत दिलेलं लाइफ जॅकेट बांधायला सांगितलं तर तुम्ही "फोटोत वाईट दिसतं" म्हणालात.

आणि लाय पाटील? पद्मदुर्गावरचा कोळी. त्याने रात्री आपली माणसं नेऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, असं सांगतात. मोरोपंत पेशव्यांची माणसं यायची होती. पहाट व्हायला आली तरी आली नाहीत. शिड्या काढून तो परतला. महाराजांनी पालखी देऊ केली, तर तो म्हणाला, आम्ही दर्यातली माणसं, पालखी काय करू? मग त्याला गलबत दिलं आणि गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'. ज्या तटाला त्या शिड्या लागल्या, त्याच तटाच्या आतल्या चुन्यावर आपण काय कोरलंय माहिती आहे? बाण गेलेलं बदाम, खाली तालुक्याचं नाव, आणि तारीख मागच्याच रविवारची.

लाज वाटू द्या थोडी. जिंकला म्हणून खोटं सांगू नका, त्यांना त्याची गरज नाही. वाटाड्याला दोष देऊ नका. येताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "खरं सांगितलं तर लोक मोबाइल काढतात, बावीस सांगितलं तर शंभराची नोट काढतात." तटावर कोरणाऱ्या पोराला थांबवा, ते तुमचंच आहे. पुढच्या वेळी त्या बुरुजावर गेलात तर तोंड बंद ठेवून पाच मिनिटं कास्याकडे बघा.

आणि तोफेच्या तोंडातल्या त्या तीन बाटल्या काढा आधी.