आमच्या हिमालयन बिल्डवरच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या रॉयल एन्फील्ड हिमालयनवर आम्ही केलेल्या बिल्डबद्दलचा, म्हणजे गाडी हवी तशी बदलून देण्याच्या कामाबद्दलचा, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमच्या चार तक्रारी आहेत. सांगितलेलं काम केलं नाही आणि वर लेक्चर दिलं. "न दिसणाऱ्या" कामाचे पैसे लावले. गाडी उशिरा दिली. आणि एवढं करून ती "कंपनीतूनच आल्यासारखी वाटते, कस्टम वाटत नाही". हिमालयन ४११ घेऊन आमच्याकडे यायचा विचार करणारे बरेच जण हे वाचतील, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर इथेच देतो. तुमच्या कष्टाच्या पैशांचा प्रश्न असताना "सर, कृपया कॉल करा" एवढं लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. पुढे उलटे शॉकअप (जाड नळी वर, बारीक खाली), मागचा फ्रेम कापून आखूड केलेली शेपटी, एकट्यापुरती सीट, सरळ पाइपचा सायलेन्सर. गाडी फोटोत भारी दिसत होती, यात वाद नाही. पण त्याच बैठकीत तुम्ही असंही म्हणालात की याच गाडीवर डबलसीट, दोन्ही बाजूंना सामान बांधून स्पितीला जायचंय. या दोन्ही गोष्टी एका गाडीत बसत नाहीत, हे मी तेव्हाच सांगितलं. तुम्हाला ते लेक्चर वाटलं. मला विचाराल तर ते माझं काम आहे.

मागच्या फ्रेमचं बघा. बसणाऱ्याचं आणि पेट्यांचं वजन मागच्या चाकाच्या आसाच्या आसपास किंवा त्याच्याही मागे येतं. खडबडीत रस्त्यावर हे वजन तिथेच पुन्हा पुन्हा आपटत राहतं. फ्रेमचा पाइप कापून नवा तुकडा वेल्ड केला की जोडाच्या शेजारची जागा उष्णतेने कमकुवत होते आणि तडा बहुतेक वेळा तिथूनच जातो. शहरात वापरताना हे वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं ते पेट्या भरलेल्या असताना, जिथे मैलोन्‌मैल वेल्डिंगवाला नसतो तिथे. शिवाय कायद्याचाही भाग आहे. आरसीवरच्या तपशिलांशी, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी, फारकत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी तुमच्या नावावर आहे, माझ्या नाही.

म्हणून फ्रेमला हात न लावता आम्ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याची अरुंद शेपटी हाताने ठोकून बनवली. सीट सपाट केली, पण दोघांची ठेवली. पेट्यांचा रॅक जितका पुढे आणि खाली आणता येईल तितका आणला आणि सगळा नटबोल्टवर बसवला. उद्या काढायचा झाला तर दोन पाने पुरतील, फ्रेमवर ओरखडासुद्धा दिसणार नाही. शेपटी बघून तुम्हाला "साधी" वाटली. ती वळवताना पत्र्यावर एकही सुरकुती येऊ द्यायची नव्हती, आणि आमच्या कारागिराने ती येऊ दिली नाही. रंग लावण्याआधीचे फोटो तुमच्याकडे आहेत, पुन्हा एकदा निवांत बघा.

आता पुढचे शॉकअप. तुमच्या हिमालयन ४११ ला कंपनीचे ४१ मिलिमीटरचे साधे टेलिस्कोपिक शॉकअप आहेत, त्यांची चाल, म्हणजे वरखाली होण्याचं अंतर, २०० मिलिमीटर आहे आणि पुढे २१ इंची चाक. दुसऱ्या गाडीचे उलटे शॉकअप बसवायचे तर नवी टी (दोन्ही शॉकअप वरून धरून ठेवणारा भाग) लेथवर करावी लागते, एक्सलचा मेळ घालावा लागतो, ब्रेकच्या कॅलिपरची बैठक बदलते. हे सगळं जमतं. खरी अडचण पुढे आहे. शॉकअपची लांबी आणि टीचा ऑफसेट (हँडलच्या आसापासून शॉकअप किती पुढे आहेत ते) बदलला की हँडलचा आस जमिनीला जिथे मिळतो आणि चाक जिथे टेकतं, त्यांतलं अंतर बदलतं. गाडी सरळ रस्त्यावर किती ठाम राहील आणि वळणात किती सहज उतरेल, हे बरंचसं त्या अंतरावर असतं. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आणि चाकावरची दातेरी रिंग यांच्यामध्ये ठरलेली बारीक फट लागते, ती बिघडली तर डॅशवर दिवा लागतो आणि एबीएस बंद पडतं. हे सगळं मोजूनमापून, चाचण्या घेऊन करणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या बजेटमध्ये ते नीट झालं नसतं, आणि अर्धवट केलेली पुढची बाजू मी कोणाला देत नाही. त्याऐवजी तुमचं वजन आणि सामान धरून स्प्रिंग बदलल्या, तेल बदलून त्याची पातळी लावली. ब्रेक मारल्यावर गाडी आधी नाक खुपसायची, आता खुपसत नाही. चालवून तुम्हीच हे मान्य केलं होतं.

सरळ पाइपला नाही म्हटलं, त्याचं कारण थोडक्यात. हे ४११ सीसीचं लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, ७८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ८६ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल). त्याचा जोर खालच्या आरपीएमवर, ३२ न्यूटन मीटर टॉर्क. नुसता पाइप मोकळा केल्याने ताकद वाढत नाही, आवाज वाढतो. आणि गावातून जाताना लोक आपल्याकडे कशा नजरेने बघतात, याची मला फिकीर आहे.

"न दिसणाऱ्या" कामाबद्दल मात्र जरा जास्त लिहितो, कारण बिलातली मोठी रक्कम तिथलीच आहे. तुमच्या गाडीवर आधी कुठेतरी फॉगलाइट बसवलेले होते. टाकी काढली तेव्हा दिसलं की त्यांची वायर हेडलाइटच्या वायरला सोलून पिळलेली आणि वर काळी टेप गुंडाळलेली. उन्हाने टेपचा गोंद वितळून आतलं तांबं हिरवं पडलं होतं. त्याच जुडग्याची एक वायर हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की फ्रेमच्या मानेवर, म्हणजे हँडल जिथे बसतं तिथे, घासायची. तिचं वरचं आवरण घासून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, बोटाने दाबलं की आतले तंतू हाताला लागायचे. रिले (जास्त भार स्वतःवर घेणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. मूळ हेडलाइट ६०/५५ वॅटचा हॅलोजन, त्याच्याच वायरवर आणखी दोन दिव्यांचा भार. ती वायर पूर्ण उघडी पडून फ्रेमला टेकली असती तर किमान हेडलाइट गेला असता. घाटात, रात्री.

आम्ही ती सगळी वायरिंग काढली. फॉगलाइटला बॅटरीपासून स्वतंत्र लाइन, तिच्यावर फ्यूज आणि रिले, प्रत्येक जोड क्रिम्प करून (दाबून बसवून) वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर घट्ट बसणारी नळी. मानेजवळची वळणं अशी घेतली की हँडल कुठल्याही बाजूला पूर्ण वळवलं तरी वायर ताणतही नाही आणि घासतही नाही. टाकी बसवली की यातलं काहीच दिसत नाही, हे खरं. उशीरही याच कामामुळे झाला. ज्या दिवशी हे सापडलं त्याच दिवशी फोटो पाठवून, वाढीव खर्च आणि वाढीव दिवस दोन्ही सांगून तुमचा होकार घेतला होता.

"कंपनीतूनच आल्यासारखी वाटते" हे वाक्य मला लागलं, कारण या गाडीवर माझा जीव आहे. २०१६ मध्ये हिमालयन आली तेव्हा आपल्यासारख्यांच्या आवाक्यात पहिल्यांदाच २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, १५ लिटरची टाकी आणि ८०० मिलिमीटर उंचीची, सगळ्यांचे पाय टेकतील अशी सीट एका गाडीत मिळाली. ताकद म्हणाल तर साडेचोवीस बीएचपी, त्यापेक्षा जास्त नाही. पण रेडिएटर नाही, इंजिन सुटसुटीत, फ्रेम पाइपची, त्यामुळे बिल्ड करणाऱ्याला हात घालायला भरपूर जागा. हिच्यावर स्क्रॅम्बलर होतो, ट्रॅकर होतो, रॅली गाडी होते (हे सगळे कस्टम गाड्यांचे प्रकार), मी यातलं सगळं आवडीने करतो. फक्त एक अट पाळतो. चेन, केबल, बेअरिंग, ब्रेक पॅड, म्हणजे प्रवासात जे झिजतं किंवा तुटतं ते कंपनीच्या मूळ पार्ट नंबरचंच राहिलं पाहिजे, जवळच्या दुकानात मिळालं पाहिजे आणि साध्या मेकॅनिकला बसवता आलं पाहिजे. स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारी म्हणून ही गाडी घ्यायची आणि बिल्ड करताना नेमका तोच गुण घालवायचा, हे माझ्या हातून होणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने दोन हिमालयन दक्षिण ध्रुवावर नेल्या. त्यांच्यात काय बदललं होतं? पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ दातांऐवजी १३ दातांचं, खिळ्यांचे टायर, आणि गरम कपड्यांना वीज पुरावी म्हणून जास्त ताकदीचा अल्टरनेटर. गाडी लांबून बघितली तर हिमालयनच दिसते. माझ्या लेखी तो अव्वल दर्जाचा कस्टम बिल्ड आहे.

दुसरीकडे निम्म्या पैशात होतं असं तुम्ही लिहिलंय. होत असेल. तिथे जाणाऱ्यांनी एवढंच विचारावं की वायर किती जाडीची वापरणार, फ्यूज कुठे बसणार आणि फ्रेम कापणार असाल तर ते बिलावर लिहून देणार का.

राहिलेल्या गोष्टी: बदललेल्या रंगाची आरसीवर नोंद करायला लागणारं आमचं बिल गाडीच्या कागदांसोबत दिलेलं आहे, आरटीओचं काम लवकर उरकून घ्या. तुमची मूळ सीट, मागचा मडगार्ड आणि जुन्या स्प्रिंग खोक्यात नाव घालून ठेवल्यात, त्या तुमच्याच आहेत. स्पितीला निघण्याआधी गाडी एकदा आणा. स्पोक, मानेचं बेअरिंग आणि रॅकचे बोल्ट तपासायचे आहेत, ते बिलातच धरलंय, वेगळे पैसे नाहीत. आणि परत आल्यावरही शेपटी लांबच वाटली तर ती आमच्या पत्र्याची आहे, हवी तेवढी आखूड करून देतो. फ्रेम मात्र कापणार नाही.