‘पेनड्राइव्ह पुरे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कृषी केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. ‘व्यापारी बंधूंनो, ऑटो बॅकअपच्या नावाखाली लुटले जाऊ नका’ अशी सुरुवात आणि खाली चार मुद्दे. ऑटो बॅकअप म्हणजे संगणकावरच्या हिशेबाची आपोआप निघणारी जादा कॉपी. यवतमाळ जिल्ह्यात दुकानांच्या टॅलीची (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची) कामं करतो, म्हणून ‘खरं आहे का हो?’ असं विचारत तो माझ्याकडे सारखा येतो.

मुद्दा पहिला: महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी घेतली की झालं.

महिना कोणता? फेब्रुवारीत चालून जाईल. मृगाचा पाऊस पडला की मात्र सकाळी सातपासून काउंटरवर झुंबड, डीएपी खतावरून भांडणं, मालक एका हाताने डबा खातोय आणि दुसऱ्याने बिल ठोकतोय. त्याला पेनड्राइव्ह आठवणार? दिग्रसकडच्या एका दुकानातून ऐन जूनमध्ये फोन आला, ‘भाऊ, मशीन घड्याळावानी टिकटिक करून राह्यली.’ हार्ड डिस्क गेली होती. पेनड्राइव्ह गल्ल्यातच होता, त्यातली शेवटची कॉपी गुढीपाडव्याची. वर्षभराची उधारी ज्या दिवसांत चढते, नेमके तेच दिवस गेले. म्हणून बॅकअप माणसाच्या आठवणीवर सोडायचा नसतो.

मुद्दा दुसरा: सगळा हिशेब जीएसटी पोर्टलवर असतोच.

हा सगळ्यात घातक, कारण अर्धा खरा वाटतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेलं बिल जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात क्रमांकासकट जातं. पण आपलं गिऱ्हाईक शेतकरी. त्याच्याकडे जीएसटी नंबर नाही, त्यामुळे त्याची बिलं दरानुसार एकत्र होऊन जातात: खताची 5 टक्क्यांत, रासायनिक कीटकनाशकांची 18 टक्क्यांत, बियाणं करमुक्त. पोर्टलला एक बेरीज कळते. त्या बेरजेत कोणी किती थैल्या उधारीवर नेल्या आणि कापूस विकून किती फेडले, याचा पत्ता नसतो. खतविक्रीच्या पॉस मशीनवर आधार नंबर आणि पोती नोंदली जातात, पण उधारीची खतावणी तिथेही नाही. दिग्रसच्या त्या दुकानदाराने दिवाळीनंतर अंदाजानेच वसुली केली. बरेच जण आपण होऊन आले, ‘माह्याकडं इतके हायेत’ म्हणाले. जे आले नाहीत, त्यांना तो काय दाखवणार होता?

शिवाय हिशेब जपायची जबाबदारी पोर्टलची नाही, आपली आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने. नियम 57 तर सरळच सांगतो की नोंदी संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप असा ठेवा, की अपघात झाला तरी माहिती वाजवी वेळेत परत उभी करता येईल.

मुद्दा तिसरा: गुगल ड्राइव्हला फोल्डर जोडलं, की बॅकअप झाला.

जोडलेलं फोल्डर आरशासारखं असतं. पोराने चुकून फाइल उडवली की ड्राइव्हवरूनही उडते आणि कचरापेटीत 30 दिवसच राहते. मार्चची चूक ऑडिटच्या वेळी लक्षात आली तर? रोजची कॉपी तारखेच्या नावाने वेगळी पडली पाहिजे.

मुद्दा चौथा: खेड्यातल्या दुकानाला हॅकर कशाला विचारतो?

विचारत नाहीच. 2017 चा वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, कोणाचं गाव बघून शिरला नव्हता. आणि असल्या हल्ल्यात मशीनला लावून ठेवलेला पेनड्राइव्हही कुलूपबंद होतो. तसं आपल्याकडे डेटा जास्त खातात ते विजेचे झटके.

एका बाबतीत मेसेज बरोबर आहे. लहान दुकानाला वर्षाला हजारो रुपयांचं पॅकेज गळ्यात मारणारे एजंट आहेत. पण ठरल्या वेळी काम आपोआप करणारा विंडोजचा टास्क शेड्युलर फुकट आहे. बहुतेक दुकानांचा डेटा काहीशे एमबीच भरतो. रोज एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, एक इंटरनेटवर, आणि घरी नेलेली एक डिस्क आठवड्याला बदलायची. एवढ्यात भागतं.

आपोआप म्हणजे डोळे मिटून मात्र नव्हे. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की ठरलेला बॅकअप होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. म्हणून महिन्यातून एकदा मी बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून शेवटचं बिल बघतो. परवा एका दुकानात शेवटचं बिल गुरुवारचं निघालं, दिवस होता रविवार. वेळ लावलेली रात्री नऊची, आणि शुक्रवारी-शनिवारी नऊला लाइटच नव्हती. आता वेळ दुपारी दोनची केली आणि ‘वेळ चुकली तर मशीन सुरू होताच चालव’ या खुणेवर टिक मारून आलो.