तिसरीची आत्या

बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात नाव आईबाप ठेवतात, आत्या फक्त ते बाळाच्या कानात सांगते आणि वर पाठीत धपाटे खाते. त्याबद्दल तिला साडी मिळते. एरवी हा सौदा वाईट नाही, पण नाव उच्चारता आलं पाहिजे.

धाकट्या भावाला मुलगी झाली. भटजींनी पत्रिका मांडली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘ण’. आता ‘ण’ने सुरू होणारं नाव ब्रह्मदेवालाही सुचायचं नाही. भटजींनीच मग रास कन्या म्हणून ‘प’ची वाट काढून दिली. आईने लगेच पणजीचं ‘पार्वती’ पुढे केलं, मी ‘पूर्वा’ म्हटलं, काकूने ‘पल्लवी’. भावजय गोड हसली. ती गोड हसली की समजावं, ठरलेलं आहे.

ठरलेलं नाव होतं ‘त्विषा’. म्हणजे तेज, प्रभा. कुणाचंच नसलेलं नाव हवं, हा तिचा मुद्दा. पत्रिकेचं काय, असं आईने विचारलं तर म्हणाली, “हस्ताच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर ‘ष’ आहे. नावात आहे की ‘ष’.” पहिलं नाही, दुसरं अक्षर, आपला चरण नाही, शेजारचा. मुंबईला राहणारी माणसं शेजारचं पार्किंगसुद्धा असंच वापरतात.

बारसं मात्र गावीच करायचं, हा आईचा हट्ट. गाव मालवणजवळ. आदल्या रात्री मी पडवीत बसून ‘त्विषा, त्विषा’ असा जप केला. भावजयीने तालीम घेतली. “ताई, ‘तिवशा’ नाही. जीभ दातांना लावा आणि सोडा.” मी लावली. सोडताना दात हलतोय की काय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, पाळणा म्हणून झाला, घुगऱ्यांचा वास सुटला. मी पाळण्यात वाकले आणि “कुर्रर्र” केलं. आमच्याकडच्या बायकांना एवढंच हवं असतं. वर्षभराचा राग काढावा तशा त्या धपाटे घालतात आणि त्यात माझ्या चुलत जावेचा हात कोणता, हे मला न बघता ओळखता येतं. माझं “त्वि...” होतंय तोवर पहिला गुद्दा पडला. त्यामुळे बाळाच्या कानात अधिकृतपणे जे गेलं ते “त्वि, आये गो!” असं गेलं. शास्त्रार्थाने पोरीचं नाव तेच.

मग गावाला सांगायची पाळी. पहिली आली शेजारची काकी.

“नाव काय ठेवलात गो?”

“त्विषा.”

“तीसा? तीस खंयची? पयलाच चेडू मा?”

दुसरीने ‘विषा’ ऐकलं आणि असलं विषारी नाव लक्ष्मीच्या पावलांनी आलेल्या पोरीला कशाला, म्हणून आईजवळ हळहळून गेली. भावाच्या मित्राने ‘ट्विशा’ म्हटलं. त्यात इंग्रजीत डब्ल्यू की व्ही, यावर नवराबायकोत जो वाद झाला तो पेढे संपले तरी चालू होता.

दाखल्याचंही तसंच अडलं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण १९६९ चा कायदा कनवाळू आहे. नोंद झाली की नाव मागाहून घालता येतं. वर्षभरात फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मी म्हटलं, थांबा १५ वर्षं, पोरगी स्वतःच काय ते ठेवील. कुणी हसलं नाही.

खरी कसोटी देवळात होती. रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायला गावकर उभे राहिले. सत्तरी उलटलेला माणूस, आवाज असा की समुद्रापर्यंत जावा. “बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या घराण्यात जा काय चेडू जल्माक इला हा, तेचा नाव...” इथे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी पुटपुटले. त्यांनी ओठ हलवून बघितले, देवाकडे बघितलं आणि ठणकावून म्हणाले, “जा काय नाव ठेवला आसात, ता तुका ठावक आसा! तेची राखण कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांनी साथ दिली. सर्वांत मोठा आवाज माझा होता.

खरं तर कागदावरचं नाव कोकणात वापरलंय कोणी? रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांचं नाव केशव. घरात ‘बाळ’ म्हणत, तेच इतिहासात गेलं. माझ्या आजोबांना सगळा गाव तात्या म्हणे. त्यांचं नाव भिकाजी होतं हे मला त्यांच्या तेराव्याच्या कार्डावरून कळलं. नजर लागू नये म्हणून तेव्हा भिकू, दगडू, केरू अशी नावं ठेवत. मुरूडच्या कर्व्यांचं काही धोंडो नावावाचून अडलं नाही. १९५८ साली भारतरत्न त्याच नावाला मिळालं. हे मी भावजयीला ऐकवलं. ती म्हणाली, “ताई, मग त्विषाचंही अडणार नाही.” ही मुलगी वकील व्हायची ती बँकेत कशी गेली, कोण जाणे.

गावाने मात्र आपल्या पद्धतीने निकाल लावला. मासे घेऊन दारावर येणाऱ्या मावशीला मी सावकाश सांगितलं, “त्वि-षा.” तिने पाटी खाली ठेवली.

“तिसरी?”

“तिसरी नाय गो मावशे...”

“बरां नाव आसा. आमच्या धंद्यातला.” आणि वाट्यावर मूठभर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, जास्त घातल्या. आता फुकटच्या तिसऱ्या परत करून उच्चार सुधारत बसणारी आत्या अजून मालवणात जन्मायची आहे. चार दिवसांत बाजार, एसटी स्टँड आणि पिठाची गिरणी, सगळीकडे मी ‘तिसरीची आत्या’ झाले. भावजय फोनवर विचारायची, “गावात म्हणतात ना नीट?” मी सांगायचे, “अगदी तोंडात बसलंय लोकांच्या.”

पुढच्या गणपतीला सगळे आले. मावशी लुगडं बदलून दर्शनाला आली आणि पाणंदीतूनच ओरडली, “तिसरी इली काय गो?” पोरगी आईच्या कडेवरून सुळकन उतरली आणि खळ्यात धावली.

भावजयीने माझ्याकडे पाहिलं.

“घरात गणपती आहेत ना,” मी म्हटलं, “मासे नकोत म्हणून सांगायला गेली असेल.”