'फास्ट'ची ताटली आकार बदलते की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा: चीनच्या ग्वेजौ प्रांतातल्या 'फास्ट' रेडिओ दुर्बिणीची 500 मीटरची ताटली जमिनीलाच बांधलेली आहे, हलते ती वर टांगलेली, लहरी टिपणारी केबिन. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीतही तेच होतं. मग ताटलीचे पत्रे अर्धा मीटर वरखाली करण्याला 'आकार बदलणं' म्हणणं अतिशयोक्ती आहे.

केबिन हलते, हे खरंच. पण तो अर्धा मीटर ताटलीच्या व्यासाशी ताडून चालत नाही, लहरीच्या लांबीशी ताडावा लागतो. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर 21 सेंटिमीटरची. मूळ गोलाकार ताटली आणि हवा असलेला 300 मीटर व्यासाचा अन्वस्त (लहरी एका बिंदूत, म्हणजे नाभीत, गोळा करणारा वाडग्यासारखा आकार), यांत जास्तीत जास्त फरक सुमारे 47 सेंटिमीटरचा. लहर पत्र्यापर्यंत येते आणि उलटून वर जाते, त्यामुळे वाटेतला फरक जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे चार लहरींहून जास्त. इतक्या मागेपुढे पोचलेल्या लहरी नाभीपाशी एकमेकींना खोडून काढतात.

गोलाकार ताटली लहरी एका बिंदूत गोळा करतच नाही, त्या एका रेषेवर पसरतात. म्हणून अरेसिबोत आधी लांबलचक अँटेना आणि 1990च्या दशकात घुमटातले दोन जादा आरसे वर टांगावे लागले. तो सांगाडा सुमारे 900 टनांचा होता. 'फास्ट'ची केबिन 30 टनांची, कारण लहरी एका बिंदूत आणण्याचं काम खाली ताटलीच करते. ताटलीचे पत्रे केबलच्या जाळ्यावर बसवलेले आहेत आणि त्या जाळ्याला 2,225 गाठी आहेत. प्रत्येक गाठीपासून एक केबल खाली जमिनीवरच्या ॲक्चुएटरला (ओढयंत्राला) बांधलेली, तो तिला ओढतो किंवा सैल सोडतो. तारा आकाशात सरकला की अन्वस्तही ताटलीवरून सरकतो आणि केबिन त्याच्या नाभीत राहते. दोन्ही मिळूनच दिशा ठरते.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसारखी अख्खी ताटली का फिरवली नाही, असंही तुम्ही विचारलंत. तिथली प्रत्येक ताटली 45 मीटरची आहे. अख्ख्या फिरणाऱ्या ताटल्यांची मजल जगभरात 100 मीटरच्या आसपासच थांबली आहे. 'फास्ट'ला न फिरण्याची किंमत मोजावी लागते: डोक्यावरच्या बिंदूपासून 40 अंशांपलीकडे ती पाहूच शकत नाही, आणि 26.4 अंशांनंतरच अन्वस्त काठाबाहेर जाऊ लागतो.

शंका घ्यायचीच असेल तर केबलबद्दल घ्या. निरीक्षण चालू असताना त्यांच्यावरचा ताण सतत कमीजास्त होतो. उपलब्ध पोलादी केबल त्याला पुरेनात, म्हणून ताणातला 500 मेगापास्कलचा (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) चढउतार 20 लाख वेळा सोसणाऱ्या नव्या केबल तयार कराव्या लागल्या.